बी.ए. भूगोल झालंय, गणित दहावीनंतर सुटलं. रिमोट सेन्सिंग-जीआयएसचा (उपग्रहचित्रं आणि संगणकावरच्या नकाशांचा) कोर्स जमेल का?

हो, जमेल, पण फी भरण्याआधी इस्रोच्या देहरादूनमधल्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेचा एखादा मोफत ऑनलाइन कोर्स करून बघा. मी हा विषय शिकवतो. भूगोलवाल्यांचं गणितापेक्षा सरावावाचून जास्त अडतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रंही. आपल्या तालुक्याचं चित्र उघडा आणि निअर-इन्फ्रारेड बँडला (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्याला) लाल रंग द्या: उभा ऊस लालभडक दिसेल, नांगरलेलं रान निळसर-करडं. चित्राचा एक पिक्सेल (ठिपका) जमिनीवर १० मीटरचा, त्यामुळे कोकणातलं भाताचं छोटं खाचर त्यात विरून जातं. ऊस लालच का दिसतो, हे स्वतः शोधाच! फक्त प्रवेशाचे नियम नीट वाचा. काही ठिकाणी एम.एस्सी.ला विज्ञानाचीच पदवी लागते. तिथे पीजी डिप्लोमा आहे का ते विचारा.