चेंडूतली हवा कुणी काढली?

प्रश्न : जानेवारीत सकाळी फुटबॉलचा सामना होता. मध्यंतरापर्यंत चेंडू नरम पडला आणि 'यजमानांनीच हवा काढली' म्हणून प्रेक्षक हमरीतुमरीवर आले. कुणी अमेरिकन फुटबॉलमधल्या टॉम ब्रेडीचा दाखला दिला, त्याच्यावरही चेंडूतली हवा काढल्याचा ठपका होता. खरं-खोटं कसं ठरवायचं? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आधी एवढंच विचारा, की चेंडू कुठे आणि कधी भरला होता? आदल्या दुपारी ३० अंशांत १० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला चेंडू भरिताच्या दिवसांतल्या १० अंशांच्या सकाळी मैदानावर गार झाला, की दाब मोजायचा गेज ८.४ दाखवतो. नियमाची खालची हद्द ८.५, वरची १५.६. म्हणजे कुणी हात न लावता चेंडू नियमाबाहेर! उन्हाळ्यात नेमकं उलटं. घरात १४ भरून उन्हात ठेवला आणि ५० अंशांपर्यंत तापला, तर १५.६ची हद्द ओलांडू शकतो.

ब्रेडीच्या प्रकरणातही हाच मुद्दा होता. १८ जानेवारी २०१५ला ब्रेडीच्या पेट्रियट्स संघाने कोल्ट्स संघाला ४५-७ हरवलं. मध्यंतराला पेट्रियट्सचे मोजलेले अकराही चेंडू १२.५च्या खाली निघाले. तिथे हद्द १२.५ ते १३.५ असते. पण मोजायला दोन गेज होते आणि दोघांत सुमारे ०.४चा फरक. कोल्ट्सचे चारच चेंडू मोजले, तेही नंतर, आतल्या उबेत हवा पुन्हा फुगू लागल्यावर. चौकशी अहवालाने छेडछाड 'बहुधा' झाल्याचं म्हटलं. ब्रेडीला चार सामन्यांची बंदी झाली, ती न्यायालयात रद्द होऊन पुन्हा लागू झाली आणि त्याने २०१६मध्ये भोगली. मोजणी धड झाली असती, तर वाद इतका लांबला नसता असं आमचं मत. शिवाय तिथे प्रत्येक संघ आक्रमणाला आपलेच चेंडू वापरतो, त्यामुळे नरम चेंडूची पकड एकाच संघाला मिळते. आपल्या फुटबॉलमध्ये एकच चेंडू दोघांच्या पायात असतो. हवा काढून नेमका फायदा कुणाचा, हेही भांडणाऱ्यांना विचारा.

पुढच्या वेळी सामन्याचा आणि एक राखीव असे दोन्ही चेंडू अर्धा तास आधी मैदानावरच सावलीत ठेवा, मग एकाच गेजने ११ पीएसआय भरून आकडा लिहून ठेवा. टायरवाल्याकडचा गेज आणू नका; त्यावर ८ आणि ११मध्ये काटा जेमतेम केसभर हलतो. कोरा चेंडू खेळताना ताणतो आणि दाब उतरतो, म्हणून तो आदल्या दिवशी लाथाडून पुन्हा भरलेला बरा. मध्यंतराला दोन्ही चेंडू मैदानावरच, लागोपाठ, एकेकदाच मोजा, कारण सुई घालताना दर वेळी थोडी हवा जाते. दोन्ही सारखेच उतरले तर थंडीचं काम. एकच उतरला तर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, शिवणी बादलीत बुडवून बघा. बुडबुडा आला तर गळती. नाहीच आला, तर मग चेंडू कुणाकुणाच्या हातात होता ते शोधा.

प्रश्न : नवा चेंडू रात्रीतून पिचकतो. व्हॉल्व्ह खराब आहे का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : ब्लॅडर (आतला फुगा) लेटेक्सचं, म्हणजे नैसर्गिक रबराचं असेल तर तसं होणारच, ते रोज थोडी हवा सोडतं. ब्यूटिलचं (कृत्रिम रबराचं) असूनही उतरत असेल तर व्हॉल्व्ह तपासा. कोरडी सुई खुपसली की आतलं रबर फाटतं किंवा व्हॉल्व्हच आत जातो. आधी ग्लिसरिनचे दोन थेंब, मग सुई सरळ, हळूहळू फिरवत.