कॉलेजात फुटबॉल खेळू द्यावा का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब फेकलेले चेंडू झेलणारा, म्हणून खेळतो. उंची पाच फूट दहा इंच, मार्क चांगले. त्याला कॉलेजातही खेळायचंय. एका मोठ्या विद्यापीठाच्या कॅम्पचं आमंत्रण आल्यापासून तर पाय जमिनीवर नाहीत. त्याचे बाबा म्हणतात, झालं तेवढं पुरे, इंजिनिअरिंगकडे लक्ष दे. घरात रोज वाद. आम्ही एच-१बीवर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. काय करावं?

ताई, नमस्कार.

आधी त्या आमंत्रणाबद्दल. कॅम्पचं पत्र आलं म्हणजे निवड झाली असं नाही. अशी पत्रं ढिगाने जातात आणि फी पालकच भरतात. खरा रस असला की विद्यापीठाचे कोच शाळेतल्या कोचला फोन करतात, मार्कांची प्रत मागतात, एखाद्या सामन्यातल्या त्याच्या खेळाबद्दल नेमकं बोलतात. यातलं काही घडलंय का, हे त्यालाच विचारा. फक्त त्याचा हिरमोड होणार नाही अशा बेताने.

अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेच्या, अंदाजानुसार त्यातली शंभरातली सातेक कॉलेजच्या कुठल्या ना कुठल्या संघात पोचतात, आणि कॉलेजातून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, शंभरातले दोनही नाहीत. म्हणून एनएफएल हा शब्द घरातल्या वादातून आजच काढून टाका. प्रश्न कॉलेजच्या चार वर्षांचा आहे, आणि ती चार वर्षं मला मोलाची वाटतात.

उंची आड येत नाही. क्लेमसन विद्यापीठाचा रिसीव्हर हंटर रेनफ्रो एवढ्याच उंचीचा होता. जानेवारी २०१७ मध्ये अलाबामाविरुद्धच्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एक सेकंद उरला असताना विजयी टचडाउनचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवण्याचा) झेल त्याने घेतला. तो क्लेमसनला आला होता ‘वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय. पण ती वाट आता अरुंद झाली आहे. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाही, पण फुटबॉल संघात १०५ च खेळाडू, अशी नवी मर्यादा आली. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही) कोचला दुसऱ्या कॉलेजातला तयार, एकवीस वर्षांचा रिसीव्हर मिळतो. शाळकरी मुलासाठी तो कशाला थांबेल?

म्हणून माझं स्पष्ट मत : तुमच्या मुलाने मोठ्या नावांच्या मागे न लागता एफसीएस (सर्वोच्च गटातली, म्हणजे डिव्हिजन वनमधली, दुय्यम पातळी) आणि डिव्हिजन थ्री (तिसरा गट) या पातळ्यांकडे बघावं. एफसीएस म्हणजे कमअस्सल नव्हे. कूपर कप ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या आडबाजूच्या विद्यापीठात खेळला, तिथे ७३ टचडाउन केले आणि पुढे सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येलसारखी) विद्यापीठंही एफसीएसमध्येच खेळतात. आयव्ही काय किंवा डिव्हिजन थ्री काय, खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. पण मार्क भक्कम असतील तर कोचचा शब्द प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडतो. म्हणजे बाबा ज्या अभ्यासाचा आग्रह धरताहेत, तेच तुमच्या मुलाचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. दोघं एकच गोष्ट मागताहेत, हे अजून दोघांच्या लक्षात आलेलं नाही.

डिव्हिजन वनसाठी एनसीएएला शाळेतले १६ ठरावीक ‘कोर’ (मुख्य विषयांचे) कोर्स लागतात, त्यात किमान २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात, म्हणजे याच वर्षी. शाळेच्या समुपदेशकाकडून यादी याच आठवड्यात तपासून घ्या.

खेळाचे व्हिडिओ कोचना दाखवायच्या हडल या साइटवरच्या व्हिडिओत सगळ्यात चांगले चार-पाच प्ले अगदी सुरुवातीला हवेत. नुसते झेल नकोत. धावणाऱ्या साथीदारासाठी केलेलं ब्लॉकिंगही (बचावपटूला अडवणं) दिसू द्या. ब्लॉक करायला न कचरणारा रिसीव्हर कोचना लगेच डोळ्यात भरतो.

बाबांना माझी एक विनंती सांगा. एका संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसून त्याला ‘रूट ट्री’, म्हणजे रिसीव्हरच्या धावण्याच्या मार्गांची आकृती, कागदावर काढायला सांगा. स्लँट, कर्ल, आउट, पोस्ट, गो... प्रत्येक धाव किती पावलांनी मोडायची, समोरचा बचावपटू आत उभा असेल तर काय बदलायचं, हे तो सांगेल. मागे एका छोट्या कॉलेजात मी एक मुलगा पाहिला होता. सराव संपून सगळे गेले तरी तो सीमारेषेजवळ एकटाच, यंत्रातून सुटणारे चेंडू झेलत होता. अंग पूर्ण बाहेर झुकलेलं आणि एका बुटाचं टोक पांढऱ्या रेघेच्या आत ओढलेलं. कॉलेजात एक पाय आत पडला तरी झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. त्याला एकच पुरणार होता, हे त्यालाही ठाऊक होतं. तिथून तो थेट केमिस्ट्रीच्या लॅबला गेला. असा वेळ सांभाळणारी मुलं मला फार आवडतात.

तुम्ही लिहिलं नसलं तरी डोक्याच्या दुखापतींची भीती मात्र रास्त आहे. कन्कशन (डोक्यावरच्या आघाताने मेंदूला इजा) झालं तर खेळाडूला मैदानाबाहेर ठेवायचा निर्णय कोण घेतं, हे प्रत्येक कॉलेजला विचारा. ‘कोच’ असं उत्तर आलं तर ते कॉलेज यादीतून काढा. तो निर्णय डॉक्टरांचाच हवा.

आणि खेळ संपला तरी नातं संपतंच असं नाही. भारतीय वंशाचे संजय लाल कॉलेजात वाइड रिसीव्हर होते. पुढे जेट्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा एनएफएल संघांत ते रिसीव्हरांचे प्रशिक्षक झाले.

शेवटी तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ : एच-१बी. मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असणार. त्या व्हिसावर त्याला शिकता येतं, खेळता येतं, शिष्यवृत्ती घेता येते, पण कमावता येत नाही. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून आणि आता थेट विद्यापीठाकडूनही पैसे मिळू लागलेत. त्याच्या मित्राने सही केली म्हणून यानेही एखाद्या करारावर सही केली, तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. ते बहुधा ऐन कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात येईल. कॅम्पची फी भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्या आणि मुलालाही सोबत न्या. हे त्याने वकिलाच्या तोंडून ऐकलेलं बरं.