पहिल्यांदाच जुनी रिब बोट घेताना काय तपासावं?

रिब म्हणजे खाली कडक तळ आणि कडेने हवा भरलेल्या ट्यूब असलेली बोट. सगळ्यात आधी ट्यूब. त्या पीव्हीसीच्या आहेत की हायपॅलॉनच्या (एक प्रकारचं कृत्रिम रबर), हे विचारा. उन्हात हायपॅलॉन जास्त वर्षं टिकतं. पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवा आणि सांध्यांवर, व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती तिथेच. रात्री गारव्याने दाब थोडा उतरतो, त्याने घाबरू नका. पण एकच कप्पा मऊ पडला तर सावध व्हा. छोटं भोक बुजवता येतं, सगळे सांधे सुटू लागले असतील तर ती बोट सोडाच.

मग इंजिन बसवलेली मागची फळी ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा, आणि पाण्यात फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नका.