सापडलेला मोबाईल : उचलला खरा, आता पुढं काय?

नवरात्रातली अंबाबाईची गर्दी ओसरली आणि आमच्याकडं हरवला-सापडलाच्याच मेसेजचा ढीग लागला. म्हणून यावेळी शेती, पेन्शन, सातबारा सगळं बाजूला ठेवलंय आणि नुसते मोबाईलचेच प्रश्न घेतलेत. नावं सांगू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, त्यामुळं नुसतं गाव नाहीतर पेठ दिलीय.

प्रश्न : नमस्कार सर, परवा संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेल्तो, तिथं कट्ट्यावर एक फोन पडलेला दिसला. आजूबाजूला विचारलं, भेळवाल्यालापण विचारलं, कुणाचाच नव्हता म्हणून घरी घेऊन आलो. फोनला लॉक आहे, बॅटरी ९ टक्के दाखवत होती, आता बंद पडलाय. वडील म्हणत्यात कशाला उचललास, जा परत तिथंच नेऊन ठेव, उगंच पोलिसांचं लफडं मागं लागंल. मित्र म्हणतोय दुकानात नेऊन लॉक तोडू आणि आतनं नंबर काढू. काय करू? (एक वाचक, फुलेवाडी)

उत्तर : भावा, दोघांचंपण ऐकू नकोस. परत कट्ट्यावर ठेवलास तर पुढचा उचलणारा तुझ्यासारखाच असेल ह्याची काय गॅरंटी, आणि दुकानात नेऊन लॉक तोडायचं म्हणशील तर बहुतेक वेळा त्यात सगळा फोन पुसला जातो, म्हणजे ज्या नंबरसाठी खटाटोप करायचा तोच आधी उडणार. वर आणि गुगलचं किंवा ॲपलचं अकाउंट फोनला चिकटलेलंच असतंय, रिसेट मारला तरी ते जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतंय. शिवाय उद्या मालक समोर आला आणि म्हणाला माझ्या पोराचे फोटो कुठं गेले, तर सांगणार काय?

आता आधी चार्जर लाव. एवढं एकच काम आज रात्री केलंस तरी निम्मं काम झालं, कारण ज्याचा फोन गेलाय तो माणूस घरातल्या सगळ्यांच्या फोनवरनं त्याच नंबरला कॉल लावत बसलेला असतो, आणि तुझ्याकडं फोन बंद. लोक मालकाला शोधायला जातात, फेसबुकवर काय टाकतात, फोनच्या आत शिरायला बघतात, आणि इकडं तो मालकच हाका मारत असतो ते कळतच नाही. तू त्याला शोधू नकोस, त्याला तुझ्यापर्यंत यायला वाट मोकळी ठेव. फोन चालू, आवाज मोठा, रेंज येईल अशा ठिकाणी, खिडकीपाशी वगैरे.

एक गोष्ट लक्षात ठेव, बंद पडून परत चालू झालेल्या फोनमध्ये एकदा लॉक उघडेपर्यंत आतलं फोनबुक बंदच राहतंय. त्यामुळं स्क्रीनवर 'मम्मी' किंवा 'घर' असं काही न येता नुसता नंबर येईल, कुणाचा काय माहीत म्हणून कट करू नकोस. उचल. उचलायला लॉक लागत नाही. उचलल्यावर "हा फोन मला रंकाळ्यावर सापडलाय" एवढंच सांग, फोन कुठल्या कंपनीचा, कव्हर कसलं, ते तू सांगायचं नाहीस, ते त्यांना विचारायचं.

कॉल नाहीच आला तर मागचं कव्हर काढून बघ. हसू नकोस, आपल्याकडं फोनचं कव्हर म्हणजे छोटी तिजोरीच. कॉलेजचं आयकार्ड, केएमटी बसचा पास, घडी घातलेली दहाची नोट, अंबाबाईचा फोटो, दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड, कायपण निघतंय. मग लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी कॉल म्हणून लिहिलेलं असतंय ते दाब, तिथं बऱ्याच फोनमध्ये इमर्जन्सी माहिती असा पर्याय दिसतो, आयफोनमध्ये मेडिकल आयडी दिसतो. मालकानं तिथं नवऱ्याचा, भावाचा, कुणाचा नंबर भरून ठेवला असेल तर लॉक न उघडता थेट लागतो. भरून ठेवणारे थोडे, पण बघायला काय जातंय. हां, ११२ लावू नकोस तिथनं, ते खऱ्या अडचणीतल्या माणसांसाठी आहे.

आणि दोन गोष्टी चुकूनसुद्धा करू नकोस. त्या फोनमध्ये स्वतःचं सिम घालायचं नाही. फोन हरवल्याची नोंद झाली की त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ आकडी ओळख नंबर, सरकारच्या सीईआयआर ह्या यादीत जातो, मग त्या फोनमध्ये कुठलं सिम पडलं की तो नंबर पोलिसांना कळतो, मग तू प्रामाणिकपणे "चालतोय का बघत होतो" म्हणालास तरी पहिला फोन तुलाच येणार. आणि उलटं, त्यांचं सिम काढून आपल्या फोनमध्येपण घालायचं नाही, बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येतात, काय कमीजास्त झालं तर नाव तुझं.

दोनेक दिवसात काहीच हालचाल नाही झाली तर पोलीस ठाणं. तुला जुना राजवाडा जवळ पडेल, भवानी मंडपापाशी. वडलांना सोबत घेऊन जा, त्यांची भीतीपण जाईल. फोन कधी, कुठं सापडला ते एका कागदावर लिहून ने, दोन प्रती कर आणि एकीवर पोच म्हणून सही-शिक्का माग. नुसता "ठेवा इथं" म्हणाले तर नम्रपणे पण ठामपणे सांग, पोच पाहिजे. इमर्जन्सीच्या कीपॅडवर *#०६# दाबलं की बऱ्याच फोनमध्ये आयएमईआय दिसतो, तो त्या कागदावर लिहिलास तर पोलिसांचं कामपण सोपं होतंय.

लफड्याचं म्हणशील तर कायदा तुझ्या बाजूनं आहे. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यातलं ३१४ कलम म्हणजे आधीच्या दंडविधानातलं ४०३. त्यात सरळ लिहिलंय की मालकाला परत द्यायच्या किंवा त्याच्यासाठी सांभाळायच्या हेतूनं वस्तू उचलली तर तो गुन्हा नाही. गुन्हा कधी होतो, तर मालक माहीत असून किंवा शोधायची सोय हातात असून ती वस्तू आपलीच करून टाकली की, आणि त्याला कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि वर दंड. म्हणजे उचलल्यानं काही होत नाही, उचलून गप्प बसल्यानं होतंय. वडलांना हे वाचून दाखव.

प्रश्न : माझ्या आईचा फोन स्टँडवर पडला. आम्ही कॉल केला तर एका माणसानं उचलला, चांगलं बोलला, पण म्हणतो २,००० रुपये द्या मग देतो, नाहीतर पंचगंगेत टाकतो. आई म्हणते देऊन टाकूया, फोनमध्ये नातवाचे सगळे फोटो आहेत. असं मागता येतं का हो? (एक वाचक भगिनी, कागल)

उत्तर : ताई, थोडं येतं आणि बरंचसं येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ सालचा, त्याच्या ७१ आणि १६८ कलमात सापडलेल्या वस्तूचं लिहिलंय. सापडणाऱ्यानं ती आपल्याकडं ठेव म्हणून दिल्यासारखी जपायची. आता ती जपायला, मालक शोधायला पदरचे पैसे गेले, त्रास झाला, तर त्याची भरपाई मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते, पण त्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. आणि तुम्ही आधीच जाहीर केलं असतं की आणून देणाऱ्याला अमुक इतकं बक्षीस, तर तेवढं मागायचा त्याला पूर्ण हक्क, त्यासाठी तो दावापण लावू शकला असता. तुम्ही तसं काही बोलला नाहीत. मग रिक्षाचं भाडं माग म्हणावं, चार्जर विकत घेतला असेल तर त्याचं माग, २,००० कसले?

त्याच कायद्यात अजून एक गंमत आहे, सापडलेली वस्तू विकायची परवानगीपण कधीकधी मिळते, पण ती नासणारी असेल नाहीतर सांभाळायचा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला असेल तर. मोबाईल म्हणजे काही कोथिंबिरीची पेंडी नव्हे.

आणि पैसे नाही दिले तर नदीत टाकतो ही भाषा म्हणजे सरळ खंडणीच्या वाटेवरची आहे. तरी मी म्हणेन लगेच भांडू नका, भांडला तर तो फोन बंद करून बसेल आणि आईंचे फोटो जातील. गोड बोलून भेटायचं ठरवा, मध्यवर्ती बसस्थानकावर पोलीस असतील तिथं जवळपास, दिवसाढवळ्या, घरातला कुणीतरी सोबत घेऊन. तिथं बोलावल्यावर ह्या लोकांचा सूर आपोआप बदलतो. आणि तो यायचं टाळायला लागला की मग मात्र त्याच दिवशी तक्रार. पण आधी पैसे पाठवा, ओटीपी सांगा, लिंक उघडा म्हणजे तुमचं लोकेशन कळेल, असलं काही म्हणाला तर एक रुपया नाही, एक आकडा नाही. हरवलेल्या फोनच्या जाहिराती बघून खोटा सापडणारा बनून फोन करणारेपण असतात, त्यांच्याकडं फोन नसतोच. "लॉक स्क्रीनवर फोटो कुणाचा आहे सांगा" एवढं विचारलं की निम्मे तिथंच गळतात.

प्रश्न : मित्राकडून बिलाशिवाय सेकंडहँड फोन घेतला, ३,००० ला. आता पोलीस ठाण्यातून फोन आलाय की हा हरवलेला मोबाईल आहे, घेऊन या. पैसे बुडणार का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पैशाचं मित्राकडं बघा, फोन मात्र गप नेऊन द्या. माहीत नसताना घेतला तर तुम्ही चोर ठरत नाही, पण माहीत झाल्यावर लपवलात तर गोष्ट बदलते. मित्राला दिलेले पैसे गुगल पे केले असतील तर ते, चॅट असेल तर ते, दाखवायला घेऊन जा. पुढच्या वेळी घ्यायच्या आधी इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून फोनचा आयएमईआय टाकून १४४२२ ला मेसेज करा, किंवा सरकारच्या संचार साथी ॲपमध्ये बघा. तिथं ब्लॅकलिस्ट दिसलं की हात जोडायचे आणि निघायचं. बिल आणि बॉक्स नसलेला फोन स्वस्त का असतो ह्याचा विचार घेतानाच करायचा असतो, जाऊदे.

प्रश्न : माझा फोन दोन महिन्यांपूर्वी हरवला तेव्हा सिम बंद केलं, नंतर संचार साथीवरनं फोनपण ब्लॉक केला. आता एका मावशींनी आणून दिला (त्यांना दुकानाच्या स्टिकरवरनं पत्ता लागला म्हणे!) पण फोनला रेंजच येत नाही. आणि परत असं होऊ नये म्हणून काय करायचं? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : रेंज कशी येईल, तुम्हीच दार बंद करून ठेवलंय. ज्या पोर्टलवर ब्लॉक केला तिथंच फोन सापडला म्हणून अनब्लॉकची रिक्वेस्ट टाकायची असते, ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी लागेल, तो जुन्या मेसेजमध्ये शोधा. आणि पोलिसात नोंद केली होती तिथंपण कळवा. मावशींना पेढे पोचवले की नाही?

परत हरवला तर सिम बंद करायची घाई करू नका असं मी सांगणार नाही, बँकेचं सगळं त्याच नंबरवर असेल तर बंद करायलाच लागतंय. पण त्याच्या आधी घरातल्याच्या फोनवरनं रिंग देऊन बघा, गुगलच्या किंवा ॲपलच्या फोन शोधायच्या सोयीतनं फोन 'हरवला' म्हणून मार्क करून स्क्रीनवर मेसेज आणि नंबर झळकवा. सिम गेलं की नेटपण जातंय, मग हा मेसेज पोचणंच अवघड, आणि फोन सापडलेल्या मावशी कितीही भल्या असल्या तरी त्यांना कॉल यायची वाट तुम्हीच बंद केलेली असते.

आणि आत्ता, आजच, सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवर दोन ओळी लिहून ठेवा, सापडल्यास अमुक नंबरवर कळवा. हे करणारे बरेच जण तिथं स्वतःचाच नंबर टाकतात, म्हणजे जो फोन हरवलाय त्याचाच. बायकोचा टाका, भावाचा टाका, दुकानाचा लँडलाईन असेल तर तो टाका.