बाबांची एफडी राहू दे, आधी एक शनिवार काढ

‘ताई, मी ३१ वर्षांची आहे, पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये नोकरी करते. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात कितीतरी आजी-आजोबा एकटेच बसलेले पाहिले. कुणाची मुलं अमेरिकेत, कुणाची बंगळुरूत. तेव्हापासून डोक्यात आहे की ज्येष्ठांना डॉक्टरांकडे नेऊन आणणारी विश्वासाची माणसं पुरवायची. वर्ष झालं. नाव ठरलं, लोगो झाला. ज्याला सांगते तो म्हणतो, “मस्त आयडिया!” नवऱ्याच्या मित्राने अॅपचा खर्च साडेतीन लाख सांगितलाय. माझ्याकडे साठवलेलं काहीच नाही, पण बाबा एफडी मोडून द्यायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचे पैसे कसले घेतेस? नोकरी सोडू का? एफडी घेऊ का?’
– एक वाचक, कोथरूड

प्रिय मैत्रिणी,

एफडीला हात लावू नकोस आणि राजीनामाही देऊ नकोस. निदान आत्ता तरी नाही. तुझी कल्पना वाईट आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण ती चालेल की नाही हे कळायला साडेतीन लाख लागत नाहीत, आणि अॅप तर अजिबात लागत नाही.

तुझ्या पत्रात नाव आहे, लोगो आहे, अॅपचा खर्च आहे. पण एखाद्या आजीने किंवा तिच्या परदेशातल्या मुलाने तुला काय सांगितलं, ते कुठेच नाही. वर्षभर तू ज्यांना विचारलंस ती तुझी माणसं आहेत. त्यांचा तुझ्यावर जीव आहे, म्हणून ती ‘मस्त’ म्हणतात. शिवाय ‘मस्त’ म्हणायला त्यांच्या खिशातून काही जात नाही. यापुढे ही कल्पना कुणालाही ‘कशी वाटते?’ असं विचारूच नकोस.

विचारायचं ते झालेल्या गोष्टीबद्दल, आणि ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्यांनाच. ‘गेल्या वेळी आईला डॉक्टरांकडे कोण घेऊन गेलं? सुट्टी कोणी काढली? रिक्षाला किती गेले? शेवटच्या क्षणी कुणाला फोन करावा लागला?’ उत्तर आलं की ‘अगं, शेजारचे काका नेतात, काही प्रश्नच नसतो,’ तर तुझी खरी स्पर्धा त्या काकांशी आहे आणि ते फुकट आहेत, हे वहीत लिहून ठेव. कुणी म्हणालं, ‘मार्चमध्ये ब्युरोतून माणूस मागवला, तो आलाच नाही, शेवटी मी बंगळुरूहून रात्रीच्या बसने आले,’ तर तिथे थांब आणि सगळं ऐकून घे. एकदा पैसे आणि मनस्ताप मोजून झालेलं माणूसच उद्या तुझं गिऱ्हाईक होईल. पुढे काय करू याबद्दल लोक मनापासून बोलतात, पण ते घडेलच याचा भरवसा त्यांनाही नसतो.

अशी माणसं शोधायला पैसे पडत नाहीत. तुमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप (सेक्रेटरींना आधी विचारून), आणि मेडिकलवाला. दर महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्या कोणाच्या घरी जातात आणि त्या घरात कोण एकटं आहे, हे त्याला माहीत असतं. त्याच्याकडे नावं मागू नकोस, तुझा नंबर त्यांना द्यायला सांग. तुमच्या वर्गातली जी मुलं आज न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात आहेत, त्यांनाही फोन कर.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांच्या बोलण्याने तू आतून हललेली दिसतेस, आणि मला वाटतं वर्षभर लोगोपाशी थांबण्याचं खरं कारण हेच आहे. म्हाताऱ्यांची सेवा आणि वर पैसे, हे आपल्याकडे घशाखाली उतरत नाही. पण त्या आजोबांच्या बाजूने बघ. ते एकटे का बसले होते? अनेकदा शेजारी नसतो असं नाही. ‘कुणाचे उपकार नकोत’ म्हणून ते सांगतच नाहीत. एकदा नेलं तर ठीक, दर पंधरा दिवसांनी कुठल्या तोंडाने सांगायचं? पैसे दिले की त्यांना संकोच राहत नाही. उशीर झाला तर हक्काने रागावता येतं, पुढच्या वेळी हक्काने बोलावता येतं. सासूबाईंना हे नीट समजावून सांग, वाद घालू नकोस.

म्हणून पहिल्या दिवसापासून पैसे माग, आणि आगाऊ माग. ‘शनिवारी सकाळी आईंना मी स्वतः घेऊन जाईन, अर्ध्या दिवसाचे आठशे रुपये, रिक्षा वेगळी, यूपीआय आत्ता केलंत तर वेळ राखून ठेवते.’ आकडा तुझ्या भागाप्रमाणे कमी-जास्त कर, पण वाक्य हेच ठेव आणि बोलून झालं की गप्प बस. त्या शांततेत लगेच ‘नाहीतर पहिली वेळ फुकट’ म्हणायचा मोह होईल, तो टाळ. फुकट दिलंस तर फुकटाला मागणी आहे एवढंच कळेल.

लिज्जत पापडाची सुरुवात तुला ठाऊक असेल. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका चाळीची गच्ची, सात बायका, ८० रुपये उसने. त्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. नुसती चारच, पण विकली गेली. अमेरिकेत १९९९ मध्ये निक स्विनमर्नने इंटरनेटवर बूट विकायचं ठरवलं तेव्हा त्याच्याकडे माल नव्हता, गोदाम नव्हतं. जवळच्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला विकत घेऊन पाठवले. प्रत्येक जोडात तोटाच होता. पण लोक घालून न बघता बूट घेतात का, हे त्याला कळलं. त्यातूनच झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली.

तुझा पहिला शनिवार तूच कर, माणसं नेमू नकोस. ते स्वतः केल्याशिवाय कळत नाही. समजा शुगर तपासायची आहे. फास्टिंगचं रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं, मग खाणं, आणि खाल्ल्यापासून दोन तासांनी पुन्हा पीपीचं रक्त. म्हणजे आजींना घरी सोडून पुन्हा आणायचं की तिथेच बसवायचं? डबा कोणी आणायचा? शुगर असलेल्या आजींना उपाशीपोटी चक्कर आली तर? तुझा ‘अर्धा दिवस’ किती तासांचा आहे ते अशा एका सकाळीच समजेल. रिपोर्टांची फाइल म्हणजे प्लास्टिकची पिशवी, २०१६ चा ईसीजी वर आणि गेल्या महिन्याचं क्रिएटिनिन तळाशी. आत गेल्यावर डॉक्टरांना हवा असलेला कागद मिळेपर्यंत वेळ संपलेली.

आणि रात्री न्यू जर्सीतून मुलाचा फोन. ‘बाबा, काय म्हणाले डॉक्टर?’ ‘काही नाही रे, ठीक आहे म्हणाले.’ खरं तर एक गोळी बंद केलेली असते, दुसरी दुप्पट केलेली असते आणि सोनोग्राफी सांगितलेली असते. मला दाट शंका आहे की पैसे देणाऱ्याला नेण्या-आणण्यापेक्षा हेच जास्त हवं आहे: डॉक्टर काय म्हणाले, कोणती गोळी बदलली, पुढची तारीख कोणती, हे त्याच संध्याकाळी आलेल्या दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये. सेवा घेणार आजी आणि पैसे देणार मुलगा, दोघांच्या गरजा वेगळ्या. आजीला तू आवडली नाहीस तर मुलाच्या पैशांचा उपयोग नाही. माझी शंका चुकीचीही ठरू शकेल. पण साडेतीन लाखांचं अॅप हा प्रश्न सोडवत नाही, तुझ्या फोनमधलं व्हॉट्सअॅप सोडवतं.

काही गोष्टींत मात्र तडजोड नको. कोणत्याही संमतिपत्रावर नातेवाइकाच्या जागी सही करू नकोस. एटीएमचा पिन ऐकूनही घेऊ नकोस. औषधाबद्दल स्वतःचं मत देऊ नकोस, डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं पोचव. निघण्याआधी जवळच्या नातेवाइकाचा नंबर, औषधांची यादी, अॅलर्जी लिहून घे. काही झालंच तर आधी १०८, मग मुलाला फोन. आणि नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते तपास. एचआरमधल्या माणसाला हे मी सांगायला नको.

सुरू करण्याआधी एक आकडा कागदावर लिही आणि नवऱ्याला दाखव. मी तुझ्या जागी असते तर लिहिलं असतं: सहा आठवड्यांत नात्यातली नसलेली पाच घरं आगाऊ पैसे देतील आणि त्यातली तीन स्वतःहून दुसऱ्यांदा बोलावतील. दुसऱ्यांदा बोलावणं जास्त महत्त्वाचं, पहिल्यांदा लोक कौतुकानेही देतात. आधी लिहून ठेवायचं कारण असं की सहा आठवड्यांनी आपलंच मन ‘दोन घरं आली, तीही काही कमी नाहीत’ म्हणायला लागतं.

तेवढी घरं झाली तर अडचण वेगळी येईल, एका शनिवारी दोन घरांना तू हवी असशील. तेव्हा दुसरी व्यक्ती घे, आणि तिचे पैसे आलेल्या पैशांतूनच दे. बाबांना सांग की त्यांचा विश्वास तुला एफडीपेक्षा मोठा वाटतो, आणि व्याज मिळत राहू दे. नवऱ्याच्या मित्राला नम्रपणे थांबायला सांग.

घरं झाली नाहीत, तर लगेच सोडूनही देऊ नकोस. तीच माणसं, पण गरज वेगळी धरून एकदा बघ. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन घेणाऱ्या ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सोयीवर तो आता मोबाइलने चेहरा दाखवून घरबसल्याही होतो. तरी ओटीपी आणि आधारच्या भीतीने किती आजोबा बँकेच्या रांगेत उभे असतात, ते तुझ्या जवळच्या शाखेत एका सकाळी जाऊन बघ. रांगेतल्या कुणाशी बोलताना लोगो दाखवू नकोस, फक्त विचार की गेल्या वर्षी दाखला कसा दिला, सोबत कोण आलं होतं, आणि लगेच विचार की आगाऊ पैसे घेऊन घरी यायची पुढची वेळ देऊ का.

तुझी,
ताई