ट्रॉमा थेरपी घेतल्याने सारखं होणारं आजारपण कमी होतं का?

तुम्ही विचारलंय की थेरपी सुरू केल्यापासून सर्दी-खोकला कमी झालाय, हा योगायोग की खरंच इम्युनिटी वाढते? संबंध असू शकतो. 'वाढते' हा शब्द मात्र मला पटत नाही.

अपघातानंतर दोन वर्षं माझा जबडा रात्रभर आवळलेला असायचा. सकाळी कानशिलं ठणकायची, ब्रश करताना तोंड पुरतं उघडायचं नाही. दातांच्या डॉक्टरांनी झोपताना घालायला गार्ड दिलं, तर त्यालाही दातांचे खड्डे पडले! मागून हॉर्न वाजला की खांदे कानाला टेकायचे. शरीराच्या लेखी अपघात संपलाच नव्हता.

अशा अवस्थेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं हार्मोन, कायम चढलेलंच असतं असं नाही. पीटीएसडीच्या (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराच्या) काही रुग्णांमध्ये ते उलट कमी आढळतं. सूज आवरणं हे त्याचं एक काम. हा लगाम नीट लागला नाही, की आत बारीक सूज धुमसत राहते आणि सीआरपीसारख्या रक्ततपासणीत ती कधीकधी दिसतेही. म्हणजे प्रतिकारशक्ती नुसती 'कमी' नसते, भलतीकडे खर्च होत असते.

1995 मध्ये अमेरिकेत कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम छोटी जखम केली. ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी 9 दिवस जास्त लागले. तो रोजच्या ताणाचा परिणाम होता, ट्रॉमाचा नव्हे. पण मन आणि जखम यांचा संबंध यापेक्षा उघड कुठे दिसणार? उपचारांच्या बाजूने बोलायचं तर 2020 मध्ये मानसिक-सामाजिक उपचारांवरचे 56 प्रयोग एकत्र तपासले गेले, त्यात सीबीटीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या थेरपीचा) रोगप्रतिकार यंत्रणेवर चांगला परिणाम दिसला.

माझं म्हणाल तर पहिले दीड-दोन महिने उलटच झालं. सेशनच्या रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी पोट बिघडलेलं. थेरपिस्टला सांगितल्यावर तिने वेग कमी केला. नंतर आधी झोप सुधारली, जबडा त्याच्याही नंतर सैल झाला. माझ्या मते निम्मं काम त्या झोपेनेच केलं.

एक मात्र करू नका: बरं वाटतंय म्हणून थायरॉइडची किंवा संधिवाताची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि ताप वरचेवर येत असेल तर 'ट्रॉमाच असेल' म्हणून सोडून न देता फिजिशियनला दाखवा.

तुमच्या झोपेत काही फरक पडलाय का?