मुलं, समुद्र आणि तुमचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की प्रश्नांचा सूर बदलतो, या वेळी तर जवळजवळ सगळ्यांनीच लहान मुलं आणि बीच हाच विषय धरलाय. प्रश्न थोडे कापलेत, काहींना लांबलचक उत्तर दिलंय, काहींना दोन-चार ओळींत गुंडाळलंय, राग मानू नका.

ताई, धाकटी पाच महिन्यांची आहे आणि मोठा साडेतीन वर्षांचा. सासूबाई म्हणतात एवढ्या लहान बाळाला बीचवर नेऊच नका, नवरा म्हणतो काही होत नाही. कोणाचं ऐकू? आणि बाळाला सनस्क्रीन लावायचं का?

अर्धं सासूबाईंचं ऐका, अर्धं नवऱ्याचं. न्यायला हरकत नाही, पण उन्हात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावण्यापेक्षा सावलीत ठेवणं, सैल पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मान झाकणारी टोपी, हाच खरा उपाय. आता छत्री लावली म्हणजे झालं असं वाटतं ना, तर तसं नाहीये, कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत फेकते आणि लाटांचा फेस तर २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सावलीत बसलेल्या बाळावरही खालून-बाजूनं ऊन येतंच, म्हणून कपडे हवेतच.

आणि एक गोष्ट प्लीज करू नका, स्ट्रोलरवर ओढणी किंवा चादर टाकून बाळ झोपवणं. बाहेरून छान सावली दिसते पण आतली हवा कोंडते आणि बघता बघता भट्टी होते. एवढ्या लहान बाळाला वरचं पाणी पण द्यायचं नाही, दूधच जास्त वेळा द्या.

मोठ्याला मात्र एसपीएफ ३० किंवा वरचं, ब्रॉड स्पेक्ट्रम, निघायच्या आधी घरीच लावा आणि दर दोन तासांनी परत, पाण्यातून बाहेर आला की परत. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचे पंजे हे तीन सगळे विसरतात, संध्याकाळी रडारड तिथूनच सुरू होते.

आमच्या ह्यांना बीच म्हणजे सकाळी जायचं ते सूर्यास्त बघूनच यायचं. मुलं तीन आणि पाच वर्षांची. मला आधीच टेन्शन आलंय.

यायलाच पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाचा बीच दोन, फार तर तीन तासांचा असतो, त्यानंतरचा सगळा वेळ आपला हट्ट असतो आणि त्याची किरकिर. सकाळी लवकर जा किंवा चारनंतर जा, मधल्या वेळात सरळ खोलीवर झोपा. घड्याळ बघायचं नसेल तर स्वतःची सावली बघा, ती आपल्या उंचीपेक्षा छोटी झाली की ऊन कडक, गाशा गुंडाळायचा. सूर्यास्त बघायचाच असेल तर त्यांना म्हणावं संध्याकाळी वेगळी चक्कर मारू, दोन छोट्या चकरा एका मोठ्या दिवसापेक्षा कधीही बऱ्या.

पण उन्हापेक्षाही लोक जे बघतच नाहीत ते म्हणजे भरती-ओहोटीचं टाइमटेबल. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी दहाला जिथे मस्त सपाट ओली वाळू होती तिथे दोन-तीन दिवसांनी त्याच वेळेला पाणी असू शकतं. छोट्या मुलांसाठी ओहोटीची वेळ बेस्ट, पाणी मागे जातं, घोट्याएवढी डबकी राहतात, त्यात खेकड्याची पिल्लं, शंख, बादली, अजून काय पाहिजे. फक्त खडकांवर गेलात तर पाणी कधी फिरणार ते माहीत असू द्या, परतीची वाट आधी बुडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती नेहमीपेक्षा वर चढते, चपला आणि पिशव्या वाहून जायचे दिवस ते.

आम्ही चार फॅमिली मिळून जातोय, एकूण सात मुलं. मोठी माणसं इतकी आहेत की कोणीतरी लक्ष ठेवेलच, बरोबर ना? मुलांना हाताला फुगे आणि रिंग घेतल्यात.

नाही, चूक, आणि या महिन्यात सगळ्यात जास्त काळजी मला याच प्रश्नानं लावली. आठ मोठी माणसं म्हणजे आठ जणांना वाटणार की दुसरा बघतोय. एक गप्पा मारतोय, एक फोटो काढतोय, एक पिशवीत काहीतरी शोधतोय. त्यामुळे नाव घेऊन ठरवा, आता वीस मिनिटं पाण्यावर मी, नंतर तू, आणि ज्याची पाळी त्याचा मोबाइल दुसऱ्याच्या खिशात. मुलं सात आहेत तेव्हा एका वेळी दोघं तरी ठेवा. आणि ज्यांना पोहता येत नाही ती मुलं पाण्यात असतील तर काठावर बसून बघणं चालत नाही, हात लांब केला की मूल हाताला लागलं पाहिजे एवढ्या अंतरावर कोणीतरी हवं.

का ते सांगते. आपल्याला वाटतं बुडणारं माणूस ओरडतं, हात हलवतं. मूल तसं करत नाही, ते उभ्याउभ्याच खाली जातं, तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, आवाज शून्य, कारण श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कुठून. लांबून बघणाऱ्याला वाटतं खेळतंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं होती, घाबरवायला नाही सांगत, पाळी लावायला सांगतेय.

हाताचे फुगे आणि रिंग ही खेळणी आहेत, सुरक्षेचं साधन नाही. निसटतात, फुटतात, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर रिंगवर बसलेलं मूल बघता बघता आत जातं. मापाचं लाइफ जॅकेट घ्या. स्विमसूट निळा, पांढरा, करडा नको, पाण्यात दिसतच नाही, भडक केशरी किंवा गुलाबी घ्या, फोटोत कसा दिसेल ते सोडा.

जागा निवडताना लाइफगार्ड असलेली निवडा. वर लाल खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतात त्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं, नुसता लाल असेल तर उतरायचंच नाही, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे प्राणी आहेत. आणि लाटा सगळीकडे फुटतायत पण मध्येच एक पट्टा शांत, थोडा गडद दिसतोय, तर तिथे मुलं न्यायचा मोह होतो, नेऊ नका. तिथूनच पाणी परत आत खेचलं जातं, रिप करंट म्हणतात त्याला, जोरात असला की पट्टीचा पोहणारा पण त्याच्याविरुद्ध जिंकत नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर बाजूला पोहा. बाहेर उभ्या असलेल्यानं तशीच उडी मारायची नाही, आधी लाइफगार्डला हाक आणि तरंगणारं काहीतरी फेकायचं, वाचवायला गेलेले आईबाप बुडतात अशी उदाहरणं कमी नाहीत.

हो, आणि पोचल्या पोचल्या प्रत्येक मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यात एक फोटो काढून ठेवा. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धावायचं, मग बाकी सगळीकडे.

मुलगा दोन वर्षांचा, वाळूत पाय टेकवायलाच तयार नाही, लाट आली की किंचाळतो. एवढा खर्च करून जायचं आणि हा कडेवरच. काय करू?

कडेवरच ठेवा. त्याच्या उंचीवरून बघा जरा, गुडघ्याएवढी लाट त्याच्या छातीपर्यंत येते आणि गेली की पायाखालची वाळू सरकते, मोठ्यांनाही त्यात क्षणभर तोल गेल्यासारखं वाटतं. हसत हसत उचलून पाण्यात बुडवणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की हे करायचं नाही. चादर अंथरा, एका बादलीत समुद्राचं पाणी आणून ठेवा, दुसरीत वाळू, तुम्ही खेळा, त्याच्याकडे बघूही नका. तो येईल. नाही आला तर पुढच्या वर्षी येईल.

जेलीफिश चावली तर काय?

हात लावू नका, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, त्यानं दंशाच्या पेशी आणखी फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं उचला. मग सोसवेल इतकं गरम, साधारण ४० ते ४५ अंशांचं पाणी वीसेक मिनिटं, आधी स्वतःच्या हातावर बघून. व्हिनेगर काही जातींना चालतं, काहींना उलटं पडतं, तेव्हा तिथल्या लाइफगार्डला विचारूनच. लघवीचा उपाय विसरा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा दंश चेहऱ्यावर असेल तर थेट हॉस्पिटल. आणि किनाऱ्यावर मेलेली पडलेली पण डसते, मुलांना काठीनं ढोसायची हौस असते म्हणून सांगतेय.

वाळू! गाडीत, केसात, डायपरमध्ये. काही उपाय?

ओली असताना पुसत बसू नका, अंग कोरडं होऊ द्या, मग थोडं कॉर्नफ्लोअर चोळून झटका, पटकन सुटते. चेहऱ्याजवळ पावडर नको. डोळ्यात गेली तर चोळू न देता स्वच्छ पाणी सोडा. डायपर मात्र निघायच्या आधी बदलाच, ओली वाळू घासून मांड्या लाल होतात. आणि वाळूवरून आठवलं, मुलं खड्डे खणतात ते सगळ्यात छोट्या मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नकोत, आत बसून खणायचं नाही, बोगदे तर अजिबात नाही, कोरडी वाळू एका क्षणात कोसळते आणि हातानं उपसली तितकीच परत भरते. निघताना बुजवून टाका, संध्याकाळी कोणाचा तरी पाय मुरगळतो त्यात.